टायरची नक्षी आणि गाडीचा हिशोब: मुरबाड-शहापूरच्या रस्त्यांवर कोणता टायर परवडतो?



पिकअपच्या धंद्याचा हिशोब आपण व्हिडिओत मांडला, तेव्हा हप्ता, डिझेल, ड्रायव्हरचा पगार, इन्शुरन्स, टोल असं सगळं फळ्यावर लिहिलं होतं. टायर मुद्दाम वेगळा ठेवला होता, कारण तो एका ओळीत मावत नाही. आज तो राहिलेला भाग. मुरबाड आणि शहापूर तालुक्यात ज्यांची गाडी भाड्यावर फिरते किंवा जे पहिली गाडी घ्यायच्या तयारीत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मग ती भेंडी नेणारी पिकअप असो, वीटभट्टीवरचा ट्रॅक्टर असो, आसनगाव स्टेशनला सीट भरणारी ईको असो, नाहीतर मागे दुधाचे कॅन बांधलेली मोटरसायकल.

टायर घेताना आपण दोनच प्रश्न विचारतो. "कितीला?" आणि "किती चालेल?" तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, की ही नक्षी माझ्या रस्त्याला चालणार आहे का? खरं तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या तिसऱ्यातच असतं. आणि पावसात माळशेजच्या वळणावर गाडी रस्त्यावर राहणार की कठड्याकडे सरकणार, हेही बऱ्याच अंशी त्यातच असतं.

(दुकानात याला कोणी नक्षी म्हणतं, कोणी डिझाइन, आणि निम्मे लोक 'थ्रेड' म्हणतात. मूळ शब्द ट्रेड. पण थ्रेड म्हणालात तरी दुकानदाराला बरोबर कळतं, त्यामुळे लाजायचं कारण नाही.)

नक्षी नेमकं काय करते?

आधी एक हिशोब करूया. भरलेल्या पिकअपच्या मागच्या एका चाकावर समजा ९०० किलो वजन आहे आणि हवा ६० पीएसआय आहे. ६० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण सव्वाचार किलो. भागाकार केला की २१० चौरस सेंटीमीटरच्या आसपास जागा येते, म्हणजे १५ बाय १४ सेंटीमीटरचा एक तुकडा. टायर केवढाही मोठा दिसला तरी रस्त्याला एका वेळी एवढंच रबर टेकलेलं असतं. चारही चाकांचे तुकडे एकत्र केले तरी वर्तमानपत्राचं अर्धं पान भरत नाही. तुमचा माल, तुमचा ड्रायव्हर, तुमचा हप्ता, सगळं त्या अर्ध्या पानावर उभं आहे.

आता गंमत बघा. कोरड्या, स्वच्छ डांबरी रस्त्यावर नक्षीची गरजच नसते. फॉर्म्युला वनच्या रेसिंगच्या गाड्या कोरड्या ट्रॅकवर पूर्ण गुळगुळीत टायरवर पळतात, कारण खाचा नसल्या की तेवढं जास्त रबर रस्त्याला चिकटतं. पाऊस आला की मात्र त्याच गाड्या धावत येऊन खाचांचे टायर बसवून घेतात. म्हणजे खाचा दिल्यात त्या पाणी आणि चिखल बाहेर काढायला. आपल्याकडे जून ते सप्टेंबर काय असतं ते मी सांगायला नको. तानसा, भातसा, मोडक सागर हे मुंबईला पाणी देणारे तलाव आपल्याच शहापूर तालुक्यात आहेत, ते उगाच नाहीत.

पण खाच दिली की तिची किंमतही मोजावी लागते. खाचांमुळे रबराचे सुटे सुटे ठोकळे होतात. ठोकळा जितका उंच आणि सुटा, तितका तो ब्रेक मारताना, वळताना वाकतो. वाकला की घासतो, घासला की तापतो, आणि तापलं की रबर लवकर संपतं. चिखलात चांगला पकडणारा टायर डांबरावर लवकर का झिजतो, त्याचं कारण हे आहे. सगळीकडे चांगला चालणारा टायर अजून कोणत्याही कंपनीने बनवलेला नाही. सिएटचे कारखाने भांडुपला आणि नाशिकला आहेत, ब्रिजस्टोनचा चाकणला आहे, पण दोघांनाही शेवटी तडजोडच करावी लागते. तुमचा रस्ता कोणता, ते तुम्हालाच ठरवायचं आहे.

रिब, लग आणि मधला

रिब म्हणजे टायरवर गोल फिरणारे सरळ पट्टे. पट्टा सलग असल्याने तो सहज वाकत नाही. स्टीअरिंग सरळ राहतं, गाडी आवाज कमी करते, डिझेल कमी खाते, झीजही सारखी होते. दोष एकच, चिखलात हा टायर जागेवर फिरतो.

लग म्हणजे कडेपासून आत आलेले आडवे, जाड ठोकळे. चिखलात, मुरमात, खदाणीच्या रस्त्यावर हा माती धरून गाडी पुढे ढकलतो. टोकदार खडी लागली तरी खाली जाड रबर असतं. पण डांबरावर ५०-६० च्या पुढे गेलात की घूंऽऽ असा आवाज सुरू होतो, टायर तापतो, आणि प्रत्येक ठोकळ्याची एक कड दुसरीपेक्षा जास्त झिजायला लागते. तळहात टायरवरून एका दिशेला फिरवा, मऊ लागेल. उलट फिरवा, करवतीसारखा अडकेल. हात असा अडकला तर समजायचं, लग टायर त्याच्या कामापेक्षा जास्त डांबरावर पळतोय.

तिसरा प्रकार मिश्र. मध्ये पट्टे, कडेला ठोकळे. दुकानात याला सेमी-लग किंवा रिब-लग म्हणतात. आपल्या दोन्ही तालुक्यांत, जिथे गाडी रोज मोठ्या रस्त्यावरही जाते आणि वाडीवरच्या कच्च्या रस्त्यावरही, तिथे मागच्या चाकाला बहुतेक वेळा हाच बसतो असं माझं मत आहे.

आता महत्त्वाचं. पुढचं चाक आणि मागचं चाक यांचं काम वेगळं आहे. पिकअप, टेम्पो, ईको, ट्रक या गाड्या मागच्या चाकाने ढकलल्या जातात आणि पुढच्या चाकाने वळतात. म्हणून पुढे रिब, मागे गरजेप्रमाणे मिश्र किंवा लग. "चारही लग टाका, दणकट दिसतात," असं सांगणारे खूप भेटतील. पुढे लग टाकला की त्याचे उंच ठोकळे वळताना वाकतात, आणि स्टीअरिंग फिरवल्यावर गाडी एक क्षण विचार करून मग वळते. ड्रायव्हर म्हणतो, "गाडी पोहते." गावात ३० च्या वेगाने हे कळत नाही. भरलेली गाडी घेऊन कसारा घाट उतरताना कळतं, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो.

एक नियम मात्र कधीच मोडायचा नाही. एकाच एक्सलवर डावीकडे एक नक्षी, उजवीकडे दुसरी, किंवा एक नायलॉन आणि एक रेडियल, असं करायचं नाही. दोन टायर वेगवेगळे वाकतात, ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. दोनच टायर बदलायला पैसे असतील तर एकाच एक्सलचे दोन्ही बदला.

आपले रस्ते, आपली चाकं

मुरबाड ते कल्याण ढोबळमानाने ३० किलोमीटर. पहाटे भेंडी, काकडी, कारली घेऊन निघालेली पिकअप बाजार समितीत माल उतरवते आणि रिकामी परत येते. जवळजवळ पूर्ण रस्ता डांबरी किंवा काँक्रीट, कच्चा रस्ता शेताजवळचा तेवढा किलोमीटर-दोन किलोमीटर. या गाडीला पुढे रिब, मागे मिश्र. मागे पूर्ण लग टाकलात तर दोन किलोमीटरच्या चिखलासाठी अठ्ठावन्न किलोमीटर डांबरावर पैसे घासताय.

उलट ज्याची गाडी डोळखांबच्या आतल्या पाड्यांवर, धसई-टोकावड्याच्या बाजूच्या वाड्यांवर, किंवा क्रशरवर खडी भरायला दिवसभर असते, त्याने मागे लग घ्यावा आणि तो मोठ्या रस्त्यावर लवकर झिजला तर कुरकुर करू नये. किन्हवली-सरळगाव मार्गाने दोन्ही तालुक्यांत फिरणाऱ्या गाडीचं मधलंच आहे. तिथे तुमच्या महिन्याच्या किलोमीटरपैकी कच्चे किती, ते वहीत लिहून काढा. पाव भागापेक्षा कमी असतील तर मिश्र पुरेसा आहे.

ट्रॅक्टरची गोष्ट अजून वेगळी. मागच्या मोठ्या टायरवर जे तिरके ठोकळे असतात ते भाताच्या चिखलणीसाठी. वीटभट्टीच्या हंगामात तोच ट्रॅक्टर ट्रॉली लावून महिनोन्‌महिने डांबरावर चालतो. डांबरावर त्याचे मोजकेच ठोकळे टेकतात आणि सगळं वजन त्यांच्यावर येतं, म्हणून ते वितळल्यासारखे कमी होतात. भातखाचरासाठी खास जास्त खोल ठोकळ्यांचा टायरही मिळतो, पण ट्रॅक्टर वर्षाचे आठ महिने विटा ओढणार असेल तर तो घेणं म्हणजे पैसे वाया. बसवताना दिशा बघा. ट्रॅक्टरच्या मागे उभं राहून पाहिलं की ठोकळ्यांचं टोक वर दिसलं पाहिजे, घराच्या छपरासारखं. उलटं बसलं तर चिखल बाहेर फेकला जात नाही, आत दाबला जातो. आणखी एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायरवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आणि इतर नव्या टायरवरचा २८ वरून १८ वर आला आहे. दुकानदार जुना भाव सांगत असेल तर बिल मागा.

ईको आणि काळी-पिवळी चालवणाऱ्यांनी ऐका. ईकोचे टायर अरुंद असतात, गाडी हलकी, आणि आत माणसं क्षमतेपेक्षा जास्त. इथे लग-बिग काही नको. कंपनीने दिलेल्या मापाचा, पाण्यासाठी नीट खाचा असलेला टायर घ्या. "एक माप रुंद टाक, गाडी भारी दिसते," हे मित्राने सांगितलं तर चहा पाजून त्याला घरी पाठवा.

मोटरसायकलवर दूध नेणाऱ्या दादांचा टायर कायम मधून सपाट होतो. मागे वजन, रस्ता सरळ, त्यामुळे मधलं रबर जातं आणि गोल टायर चौकोनी होतो. मग वळणावर गाडी हळूहळू कलत नाही, सपाट भागाच्या कडेवरून एकदम पडल्यासारखी कलते. मागे ४० लिटर दूध असताना असं झालं तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. दुचाकीच्या टायरवर बाण असतो, तो फिरण्याच्या दिशेला हवा. पुढच्या आणि मागच्या टायरची नक्षी एकमेकांच्या उलट दिसली तर घाबरू नका, बाण बघा.

पाणी, वेग आणि रिकामी गाडी

रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी साचलंय. टायर १५ सेंटीमीटर रुंद टेकलाय. वेग ८०. म्हणजे चाक एका सेकंदात २२ मीटर पुढे जातं. गुणाकार करा, दर सेकंदाला साधारण १० लिटर पाणी त्या टायरखालून बाजूला गेलं पाहिजे. एक छोटी बादली, दर सेकंदाला, प्रत्येक पुढच्या चाकाखालून. खाचा खोल असतील तर पाणी त्यांतून निघून जातं. खाचा संपल्या असतील तर पाणी जायला जागा नाही, टायर पाण्यावर चढतो. स्टीअरिंग एकदम हलकं होतं. ब्रेक मारून उपयोग नसतो कारण चाक रस्त्याला टेकलेलंच नाही.

हे कोणत्या वेगाला होतं? अमेरिकेतल्या नासा संस्थेच्या अभ्यासकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर काम करून एक ढोबळ सूत्र काढलं. पाणी खाचांपेक्षा खोल असेल किंवा टायर गुळगुळीत असेल, तर टायरच्या हवेच्या पीएसआयचं वर्गमूळ काढून साधारण १६.७ ने गुणा, म्हणजे ताशी किलोमीटर मिळतात. ३६ पीएसआय असेल तर वर्गमूळ ६, म्हणजे १०० च्या आसपास. हवा कमी होऊन २५ वर आली तर वर्गमूळ ५, म्हणजे ८३. हवा भरायचा कंटाळा केला आणि तरंगायचा वेग सतराने खाली आला! आणि हे पूर्ण तरंगण्याचं आहे, पकड त्याच्या बरीच आधी कमी व्हायला लागते.

आता पिकअपवाल्यांसाठी खास. सूत्र बघून वाटेल, माझ्या मागच्या चाकात ६० पीएसआय आहे, मला काय धोका? धोका परतीच्या फेरीत आहे. माल उतरला, वजन गेलं, पण हवा तेवढीच राहिली. कडक टायर, कडक पाटे, वर वजन नाही. मग टेकणारी जागा अर्ध्याहूनही कमी होते आणि मागचा भाग उड्या मारतो. त्यात मागचे टायर घासलेले असतील तर ओल्या वळणावर ब्रेक मारताच मागची बाजू पुढे यायला बघते. भरलेली गाडी ड्रायव्हर जपून चालवतो, रिकामी पळवतो, म्हणून हे परतीच्या वाटेवर घडतं. बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची हवा वेगवेगळी दिलेली असते. रोज दोनदा हवा बदलणं कोणालाच जमत नाही, मला मान्य आहे. पण तीन-चार दिवस रिकामीच फिरणार असेल तर तरी बदला.

याच कारणाने, चारचाकी छोट्या गाडीला दोनच नवे टायर घेतलेत तर ते मागे टाका. आपल्याकडे उलट पद्धत आहे, नवे पुढे आणि जुने मागे, "स्टीअरिंग पुढे आहे ना." पण पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते, ड्रायव्हरला स्टीअरिंगवर कळतं, तो पाय काढतो. मागचं घसरलं तर गाडी गरकन फिरते आणि साध्या ड्रायव्हरला ती सावरता येत नाही. घाट उतरताना वजन पुढे येतं, मागची चाकं आधीच हलकी होतात. तिथे मागे गोटा झालेला टायर नकोच. मोठ्या ट्रकचं गणित वेगळं, तिथे पुढच्या एक्सलला सगळ्यात चांगला टायर ठेवतात आणि मग तोच मागे ढकलतात.

उन्हाळ्यात प्रश्न पाण्याचा नसतो, उष्णतेचा असतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि तो आपल्या शहापूर तालुक्यातून जातो. काँक्रीटचा सलग रस्ता, मध्ये थांबा नाही, खड्डा नाही, म्हणून गाडी तास-तास एका वेगाने पळते आणि टायरला गार व्हायला वेळच मिळत नाही. घासलेला, कमी हवेचा किंवा जुना टायर अशा ठिकाणी फुटतो. २०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धीच्या प्रवेशावर टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली होती, ती यामुळेच. भाडं घेऊन निघालात आणि नाक्यावरून परत फिरवलं तर त्या दिवसाचं भाडंही गेलं आणि गिऱ्हाईकही.

किती खोली उरली म्हणजे बदलायचा?

कायद्याने चारचाकी आणि मोठ्या गाड्यांना खाचेची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. दुचाकी-तीनचाकीला ही मर्यादा ०.८ आहे. टायरच्या खाचेत मध्ये मध्ये रबराचा छोटा उंचवटा असतो, बाजूला टीडब्ल्यूआय असं इंग्रजीत किंवा छोटा त्रिकोण कोरलेला असतो. नक्षी त्या उंचवट्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण ही कायद्याची मर्यादा झाली. आपल्या पावसासाठी मी सांगेन, मे महिन्याच्या शेवटी खोली मोजा, ३ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर पावसाआधीच बदला. खोली मोजायची काडी शे-दोनशे रुपयांत मिळते. गाडीत जपमाळ टांगलेली असते, तिच्या शेजारी ही पण टांगा.

आता पैशाचा हिशोब, वही घ्या. आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमचे तुम्ही टाका.

टायर ७,२०० रुपयांचा. नव्याची खोली ९ मिलिमीटर. ३ वर काढायचा, म्हणजे वापरायला ६ मिलिमीटर. एक मिलिमीटर रबर १,२०० रुपयांना पडलं. १०,००० किलोमीटरनंतर मोजलं तर ७ भरलं, म्हणजे २ मिलिमीटर गेलं. याच गतीने ६ मिलिमीटर ३०,००० किलोमीटर चालेल. किलोमीटरला २४ पैसे एका टायरचे, चार टायरचे ९६ पैसे. म्हणजे गाडी हलली की दर किलोमीटरला जवळजवळ एक रुपया टायरचा. भाडं सांगताना हा रुपया किती जण धरतात?

आता शेजारच्या दुकानात ५,४०० चा टायर आहे. १,८०० वाचले म्हणून घेतला, पण तो १८,००० किलोमीटरलाच संपला. किलोमीटरला ३० पैसे. स्वस्त टायर महाग पडला. कधी उलटही होतं, महाग टायर तेवढा चालत नाही. म्हणून ऐकीव गोष्टींवर जाऊ नका, पहिल्या १०,००० किलोमीटरला काडी लावून स्वतः मोजा.

आणि मोजताना टायरच्या तीन जागी मोजा, आतली कड, मध्य, बाहेरची कड. इथेच टायर बोलतो. मध्ये जास्त झिजलाय तर हवा जास्त भरताय. दोन्ही कडा झिजल्यात तर हवा कमी आहे, किंवा माल फार भरताय. एकच कड झिजलीय तर अलाइनमेंट बिघडलंय, आपल्या रस्त्यांवर एका मोठ्या खड्ड्यात ते बिघडू शकतं. ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले असतील तर शॉकॲब्सॉर्बर बघा. एकाच जागी सपाट चट्टा असेल तर कोणीतरी चाक जाम होईपर्यंत ब्रेक मारलाय, ड्रायव्हरशी प्रेमाने बोला. मागे जोडचाकं असतील तर आतल्या चाकाची हवा हमखास कमी असते, कारण तिथे हात पोहोचत नाही. आतला टायर बसला की सगळं वजन बाहेरच्यावर जातं, आणि मग एका टायरच्या आळसात दोन टायर जातात.

अलाइनमेंटचंच बघा. पुढचे दोन टायर एका कडेने १०,००० किलोमीटरला २ ऐवजी ३ मिलिमीटर झिजतायत. ३०,००० चा टायर २०,००० ला काढावा लागेल, किलोमीटरला २४ ऐवजी ३६ पैसे. दोन टायरचे २४ पैसे जादा. महिन्याला २,५०० किलोमीटर चालवलं तर ६०० रुपये महिना. अलाइनमेंटला तुमच्या दुकानात किती घेतात ते तुम्हाला माहीत आहे, आणि ते दर महिन्याला करायचं नसतं.

रिमोल्ड आणि जुना टायर

रिमोल्ड म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवं रबर चढवलेला टायर. त्याला सरसकट नावं ठेवायचं कारण नाही. मोठ्या ट्रकचे, बसचे टायर जगभर असे पुन्हा वापरतात आणि नव्याच्या निम्म्याहून कमी पैशात काम होतं. पण दोन अटी. सांगाडा तुमचाच असावा, म्हणजे तो कधी कमी हवेवर चालला, कधी फुगला, हे तुम्हाला माहीत असतं. आणि तो मागच्या चाकाला, ट्रॉलीला वापरा, पुढच्या चाकाला नको. पुढे रिमोल्ड सुटला तर स्टीअरिंग हातात राहत नाही.

वापरलेला टायर विकत घेताना नक्षी बघून भुलू नका. गुळगुळीत टायरमध्ये गरम हत्याराने पुन्हा खाचा कोरून विकणारे असतात. अशा टायरच्या खाचेखाली रबरच उरलेलं नसतं, आतले धागे जवळ आलेले असतात. कोरलेली खाच टीडब्ल्यूआयच्या उंचवट्यालाही कापून गेलेली दिसते, तीच ओळख. बाजूला चार आकडे असतात, म्हणजे २३२१ असेल तर २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर पण टायर आठ वर्षांचा, बाजूला बारीक भेगा, असा टायर फुकट दिला तरी घेऊ नका.

यात धंदा कुठे आहे?

बरेच जण विचारतात, टायरचं दुकान टाकू का? नव्या टायरच्या दुकानाला भांडवल मोठं लागतं, माल अडकून पडतो, कारण प्रत्येक गाडीचं माप वेगळं. ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याने विक्रीऐवजी सेवेपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. एक चांगला कॉम्प्रेसर, खात्रीचं हवा मोजायचं मीटर, खोलीची काडी, पंक्चरचं सामान. मुद्रा कर्जातल्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते, बँकेत जाताना अवजारांचं कोटेशन घेऊन जा. अलाइनमेंटचं मशीन दुसऱ्या टप्प्यात, आधी आसपास रोज किती गाड्या थांबतात ते आठवडाभर उभं राहून मोजून मगच.

गिऱ्हाईक गॅरेजला येत नसेल तर तुम्ही त्याच्याकडे जा. भेंडीच्या पिकअप संध्याकाळी गावात एका ठिकाणी भरतात. भट्टीवर पाच-सहा ट्रॅक्टर एकत्र उभे असतात. आसनगाव स्टेशनबाहेर ईकोची रांग असते. तिथे जाऊन टायर थंड असताना हवा तपासा, तीन जागी खोली मोजा, आणि गाडीच्या नंबरसह तारीख, किलोमीटर आणि मापं एका कार्डावर लिहून मालकाच्या हातात द्या, एक प्रत तुमच्या वहीत. पहिल्या फेरीला पैसे घेऊ नका. दुसऱ्या महिन्यात तेच कार्ड घेऊन गेलात की मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं की डावी कड एका महिन्यात अर्धा मिलिमीटर गेली. मग "दादा, हे बघून द्या जरा," असं तो स्वतः म्हणतो. अशा वीस-पंचवीस गाड्यांची वही झाली की कोणत्या गाडीला कोणत्या महिन्यात टायर लागणार हे तुम्हाला मालकाच्या आधी माहीत असतं, आणि तेव्हा त्या मापाचे चारच टायर घाऊक दुकानदाराकडून ऑर्डरवर आणून देता येतात. माल अडकत नाही, आणि गिऱ्हाईकाला मेअखेरीस, पहिल्या पावसाआधी, पुढे रिब आणि मागे मिश्र असे बसवून मिळतात.